निर्णयसागर मुद्राक्षरे

निर्णयसागर मुद्राक्षरे : मुंबईच्या निर्णयसागर ओतशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडविण्यात आलेली देवनागरी मुद्राक्षरे. जाड व बारीक रेघांतील स्पष्ट भेद, भरदार गोलाई आणि रेघांची रेखीव टोके ही त्यांची प्रमुख लक्षणे होत. मजकूर व शीर्षके या दोहोंसाठी ती वापरली गेली. तथापि त्यांचे सौंदर्य मुखपृष्ठावर, प्रकरणशीर्षकात आणि पोथ्यांच्या ठळक पाठात, म्हणजेच मोठ्या आकारात, विशेष प्रत्ययास येते.

या मुद्राक्षरांचे प्रवर्तक जावजी दादाजी (१८३९–९२) हे होत. अमेरिकन मिशनच्या मुंबईतील छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली त्यांनी खिळे पाडण्याच्या कामाचा अनुभव घेतला. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःची ओतशाळा काढली व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. अक्षरांचे पोलादी ठसे कोरण्याचे काम त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी केले. ‘काव्यमाला’ (१८८६ पासून) व अन्य संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध, सुबक आवृत्त्यांमुळे हे वळण देशभर परिचित झाले.

या वळणाचे मूळ हस्तलिखितात आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात दौलताबादजवळ कागजीपुरा येथे तयार होणाऱ्या हातकागदासारख्या घोटलेल्या कागदावर बोरू अडखळत नाही; त्यामुळे लेखणीच्या तिरप्या कापाचा परिणाम रेघेत जसाच्या तसा उतरतो. देवनागरीसाठी बोरूला दिलेल्या कापामुळे उजवीकडून डावीकडे खाली येणारी रेघ जाड, तर डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ बारीक उमटते. म्हणून ‘त’ ची गोलाई वरच्या बाजूस भरीव होऊन शेवटी निमुळती होते आणि ‘र’ चा उजवीकडे उतरणारा पाय नाजूक निघतो. आरू यांनी धातूत कोरताना ही लय सांभाळली. अक्षर नीटस व काटेकोर झाले, पण त्यातील हात लोपला नाही.

यूरोपातील तीव्र भेदाच्या मुद्राक्षरांशी या वळणाची तुलना उद्‌बोधक ठरते. पॅरिसच्या दीदो घराण्याने व पार्मा येथील जांबात्तिस्ता बोदोनी (१७४०–१८१३) याने अठराव्या शतकाच्या अखेरीस जी रोमन अक्षरे सिद्ध केली, त्यांत उभ्या रेघा जाड, आडव्या रेघा केसासारख्या बारीक आणि टोकांना सपाट, पातळ आडव्या रेघा असतात. रोमन लिपीत तिरप्या रेघांचा क्रमही देवनागरीच्या नेमका उलट असतो : तेथे डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ जाड असते. अर्थात केवळ जाड-बारीक भेद समान आहे म्हणून दोन्ही वळणे एकाच जातीची मानणे चुकीचे ठरेल. देवनागरीत शिरोरेखा हीच शब्दाला बांधून ठेवणारी आडवी रेघ आहे. बोदोनीचा नियम तिला सरसकट लावल्यास ती तंतूसारखी होते, जाड दंड सुटे उभे राहतात आणि शब्दाची एकसंधता ढळते. केवळ शोभेसाठी काढलेल्या अनेक मराठी शीर्षकाक्षरांत हा दोष आढळतो. त्यांत डौल असतो, परंतु तो उसना असतो.

निर्णयसागर मुद्राक्षरांनाही मर्यादा आहेत. स्वरचिन्हे व जोडाक्षरे यांमुळे जुळाऱ्याला शेकडो खिळे हाताळावे लागत. लहान आकारात बारीक रेघा वारंवारच्या छपाईने झिजत किंवा तुटत, तर निकृष्ट कागदावर शाई पसरून ‘ध’ व ‘घ’ यांसारख्या अक्षरांतील सूक्ष्म भेद बुजत. त्यामुळे वृत्तपत्री घाईच्या कामास हे वळण फारसे सोयीचे नव्हते. खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी लोकमान्य टिळकांनी केलेला प्रयत्न आणि पुढे आलेली यांत्रिक जुळणी यांमागील निकड खरी होती. मात्र यंत्राच्या सोयीसाठी जोडाक्षरे तोडली गेली, चिन्हे आखडली आणि बोरूची लय मंदावली. या तडजोडीच इतक्या अंगवळणी पडल्या, की पुढील पिढ्यांना त्याच देवनागरीचे स्वाभाविक रूप वाटू लागल्या.

बापूराव नाईक यांच्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ (१९७१) या ग्रंथाने या परंपरेचे सविस्तर विवेचन केले. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी सुलेखनाच्या अंगाने देवनागरी अक्षररूपाचा नव्याने विचार केला. संगणकीय जुळणीत खिळ्यांच्या संख्येचे बंधन उरले नाही. मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया या २०१५ पासून प्रसिद्ध होणाऱ्या मालेतील देवनागरी अक्षरांसाठी निर्णयसागर वळणाचा आधार घेण्यात आला. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये आणलेले ‘रोझा वन’ हे अतितीव्र भेदाचे मुद्राक्षर मात्र शीर्षके व भित्तिपत्रके यांसाठीच योजलेले आहे.

निर्णयसागर मुद्राक्षरांचे खरे महत्त्व त्यांच्या जुनेपणात नाही. रेघ कोठे जाड व कोठे बारीक व्हावी, हा निर्णय अलंकरणाचा नसून लिपीच्या व्याकरणाचा आहे, हे त्यांनी धातूत सिद्ध करून दाखविले. यंत्राची अडचण दूर झालेली असताना हे व्याकरण विसरून घडविलेले अक्षर सदोष ठरल्यास त्याचा दोष आता यंत्रावर टाकता येणार नाही.