खिडकीतला डोंगर, दारातली नदी

पावसाळा सुरू झाला की आपल्या सगळ्यांच्या फोनवर एक चित्रफीत हमखास येते. घाटातलं वळण, धुकं, दोनचार धबधबे आणि त्यांच्यामधून सावकाश जाणारी आगगाडी. मागे बासरी वाजत असते. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘स्वित्झर्लंड कशाला हवं?’ आम्हीही ती चार जणांना पुढे पाठवलेली आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. आज समीक्षा करायची आहे ती या चित्रफितीची. आता कुणी म्हणेल, समीक्षा कादंबरीची करावी, नाटकाची करावी. दीड मिनिटाच्या चित्रफितीची कसली? पण डोंगर-नदीकडे कसं बघायचं हे आज कादंबरीपेक्षा या चित्रफितीच जास्त लोकांना शिकवतात. मग त्या काय शिकवतात, हे तपासायला नको?

सुरुवात घराजवळून करू. इथून नौपाड्यातून चालत स्टेशनवर जायचं आणि कल्याणकडे जाणारी धीमी लोकल पकडायची. गाडी खाडी ओलांडते, कळवा जातं, आणि मुंब्र्याजवळ एका हाताला पारसिकचा डोंगर येतो, दुसऱ्या हाताला खाडीचं पाणी. १८५३ साली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, आणि पुढच्याच वर्षी खाडीवर पूल बांधून, याच डोंगरात बोगदे काढून ती कल्याणला पोहोचली. म्हणजे आपल्या देशात आगगाडीतून डोंगर आणि पाणी एकत्र दिसण्याची गोष्ट इथे, आपल्या दारात सुरू झाली. आता सांगा, डोंबिवलीहून रोज नोकरीला जाणाऱ्या माणसानं या ठिकाणाची चित्रफीत कधी पाठवली आहे का? तो अरसिक आहे म्हणून नाही. त्याच्या डोळ्यांसमोर पुढच्याची पाठपिशवी असते. बघायला आधी उभं राहायची जागा लागते.

तत्त्वज्ञानात हा मुद्दा जुना आहे. कांटनं १७९० साली उदात्ताची मीमांसा करताना एक अट घातली. वादळ, ज्वालामुखी, खवळलेला समुद्र हे आपल्याला उदात्त वाटतात, पण आपण स्वतः सुरक्षित जागी असलो तरच. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे, १९७४ पासून, कांटचा हा सगळा विचार मराठीत नीट वाचायची सोय झाली. आम्ही वर्गात ही अट अनेक वर्षं शिकवली. पण ती सुरक्षित जागा कोण तयार करतं, तिला खर्च किती येतो, हा प्रश्न ना आम्ही विचारला, ना विद्यार्थ्यांनी. जागा असतेच, असं आपण धरून चाललो.

विस्टाडोम डबा म्हणजे ही सुरक्षित जागा तिकीट लावून विकणं. २०१७ साली हा डबा मडगावच्या जनशताब्दीला लागला, २०२१ साली डेक्कन एक्स्प्रेसला. मोठ्या काचा, काचेचं छत, फिरणारी खुर्ची, थंड हवा. आम्ही त्यातून पुण्याला जाऊन आलो आणि सुखानं आलो. गुडघेदुखीच्या माणसानं उगाच नाकं मुरडू नयेत. सांख्यांनी द्रष्टा आणि दृश्य यांचा वेगळेपणा ओळखण्याला केवढं महत्त्व दिलं! इथे तो आरक्षण करून मिळतो. मात्र एक गोष्ट जाणवली. कर्जतला गाडी थांबते, मागे जादा इंजिनं जोडतात, कारण पुढे सदतिसास एक असा चढ आहे. त्या दोन-चार मिनिटांत डब्यातली बहुतेक मंडळी फोनमध्ये होती. कर्जत हे त्यांच्या लेखी दृश्य नव्हतं. घाट सुरू झाला तसे सगळे फोन काचेला लागले.

व्होल्फगांग शिव्हेलबुश या जर्मन अभ्यासकानं रेल्वे-प्रवासाच्या इतिहासावर १९७७ साली एक पुस्तक लिहिलं. त्याचं एक निरीक्षण इथे कामाला येतं. गाडीचा वेग वाढला की जवळचं सगळं पुसलं जातं. रुळाकडेचं गवत, खांब, माणूस, काही डोळ्यांत ठरत नाही. म्हणून नजर आपोआप लांब जाते आणि लांबचं तेवढं देखणं दिसतं. आम्हाला हे शरीरशास्त्रापुरतं वाटत नाही. आपल्या चित्रफितीचा सौंदर्यविचारही हाच आहे: जवळचं पुसा, लांबचं दाखवा.

जवळचं म्हणजे काय काय? भोर घाटाचं काम १८५६ ते १८६३ चाललं. पंचवीस बोगदे खोदले. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर तिथे होते. कॉलऱ्यानं, तापानं, सुरुंगांनी आणि कड्यावरून पडून हजारो माणसं गेली. १८५९ साली थकलेल्या मजुरीवरून तिथे दंगा झाला, पहिल्या कंत्राटदारानं काम सोडलं. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीनं, ॲलिस ट्रेडवेलनं, कंत्राट चालू ठेवलं. मजुरांपैकी एकाचंही नाव आपल्याला तोंडपाठ नाही. ज्या वळणावर आपण ‘अहाहा’ म्हणतो, ते वळण त्यांनी पाडलेलं आहे. डोंगराच्या अंगावर गाडी धावेल असं वळण निसर्गात नसतं.

आता नदीकडे येऊ. खंडाळ्याच्या वरून जी खोल दरी दिसते, ती उल्हास नदीची. हीच उल्हास खाली कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणला येते. कल्याण-डोंबिवलीच्या नळाला तिचं पाणी आहे. पुढे ती खाडी होऊन मुंब्र्याच्या रेतीबंदराशी येते, म्हणजे आपल्या त्या धीम्या लोकलच्या खिडकीत. एकच नदी. वर तिला आपण दरी म्हणतो, मध्ये पाणीपुरवठा म्हणतो, आणि इथे तिचा वास आला की खिडकी लावतो.

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली. उल्हासचं पाणी रुळांवर आलं आणि गाडी पाण्यात उभी राहिली. आत हजारावर प्रवासी होते. दुसऱ्या दिवशी आपत्ती दलाच्या, नौदलाच्या लोकांनी होड्या घालून सगळ्यांना सुखरूप काढलं. त्या सकाळी गाडीच्या चारी बाजूंना पाणी आणि मागे डोंगर होते. हेलिकॉप्टरमधून घेतलेली छायाचित्रं आपण पाहिली, ती दिसायला सुंदरच होती. पण डब्याच्या दारात उभं राहून पायऱ्यांवर चढणारं पाणी बघणाऱ्या बाईला कुणी विचारलं असतं, दृश्य कसं आहे? कांटची अट मोडली की उदात्त संपतं, उरते ती नदी. आणि मग कळतं, की ती आधीपासून नदीच होती. दृश्य आपण केलं होतं.

मग बघायचंच नाही का? तसं आमचं म्हणणं नाही. आमचं म्हणणं असं, की बघण्याची दुसरी एक रीत आपल्याकडे आहे आणि तिची किंमत आपण केलेली नाही. ती म्हणजे पॅसेंजर गाडी. दिव्याहून सावंतवाडीला पॅसेंजर जाते. पूर्वी दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजरही आता दिव्याहूनच सुटते. ही गाडी पेण, रोहा, माणगाव, वीर असं थांबत जाते. वीरच्या पुढे एकेरी मार्ग असल्यानं क्रॉसिंगला बाजूला उभी राहते आणि मागून आलेली एक्स्प्रेस पुढे निघून जाते. त्या थांबण्यात जवळचं परत दिसायला लागतं. स्टेशनची पाटी वाचता येते. भाजीच्या पाट्या घेऊन बायका चढतात. नदीला नाव मिळतं, कारण शेजारचा माणूस सांगतो, ‘ही वाशिष्ठी, आमचं घर पलीकडे.’ त्याच्या बोलण्यात डोंगराला मालक असतो, वाट असते, गेल्या साली आलेली दरड असते.

यावर आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. पॅसेंजरमध्ये बसायला जागा मिळत नाही, गणपतीत तर पाय ठेवायला मिळत नाही. नौपाड्यात पंख्याखाली बसून निवृत्त प्राध्यापकानं तिचे गोडवे गाणं म्हणजे पुन्हा सुरक्षित जागेवरूनच बोलणं झालं. मान्य. म्हणून गर्दीला आम्ही सौंदर्य म्हणणार नाही. पण गर्दी हा पॅसेंजरचा गुण नव्हे, तो आपण तिला दिलेल्या डब्यांचा हिशेब आहे. विस्टाडोमची चित्रफीत आपण पुढे पाठवतो. पॅसेंजरला डबे वाढवा, हे पत्र कोण पाठवतं?

कोकण रेल्वेवर पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असतं. २००३ साली वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळून पन्नासवर माणसं गेली. दुसऱ्या वर्षी करंजाडीजवळ पुन्हा तसाच अपघात झाला. तेव्हापासून पावसात तिथे वेगावर कडक मर्यादा आल्या, दरडीच्या जागी गस्त वाढली. आपण म्हणतो, ‘गाडी लेट केली.’ खरं म्हणजे डोंगर कसा आहे हे ओळखून गाडी चालवली. रात्री छत्री-कंदील घेऊन रुळावरून चालणारा ट्रॅकमन कड्याकडे बघतो ना, त्या बघण्यात माती सुटली का, पाणी गढूळ झालं का, दगड हलला का, एवढंच असतं. समीक्षक म्हणून आम्हाला विचाराल, तर त्या घाटाचा सर्वांत बारकाईनं वाचणारा वाचक तो आहे.

शेवटी मुंब्र्याला परत येऊ. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान त्या वळणावर भरलेल्या लोकलच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली, काही जीवानिशी गेली. एका बाजूला पारसिक, एका बाजूला खाडी. चित्रफितीला लागतं ते सगळं तिथे होतं. नव्हती ती फक्त आत उभं राहायला जागा.

तेव्हा पुढच्या पावसात ती चित्रफीत आली की बघा, आवडली तर पाठवाही. पण एकदा थांबवून काठाकडे बघा, जिथे जवळचं पुसलं गेलंय तिथे. काय दिसतं ते पुढच्या वेळी येऊन आम्हाला सांगा. आता प्रश्न घेऊ.