टर्की आणि मरणोन्मुख दरबारी

चित्रप्रदर्शनात व्यक्तिचित्रापुढे आपण थबकतो. प्राणिचित्रापुढून मात्र ‘किती हुबेहूब!’ एवढे म्हणून पुढे सरकतो. माणूस रंगवायला अंतःकरण लागते आणि पशुपक्षी रंगवायला केवळ सराव, असा आपला समज असतो. मोगल बादशहा जहांगीर याच्या चित्रशाळेतील दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. हा समज फार काळ टिकत नाही.

पहिले चित्र टर्कीचे. १६१२ साली मुकर्रब खान या सरदाराने गोव्याहून बादशहासाठी काही दुर्मीळ प्राणी आणले. नाताळच्या मेजवानीमुळे आपल्या परिचयाचा झालेला हा मूळचा अमेरिकेतील पक्षी त्यांत होता. पणजोबा बाबराने प्राण्यांची वर्णने लिहिली, पण चित्रे काढवून घेतली नाहीत; ऐकून वाटणारे नवल पाहून अधिक वाढावे म्हणून आपण ती काढवून घेतली, असे जहांगीर आत्मचरित्रात सांगतो. मन्सूरने रंगवलेली टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पार्श्वभूमी जवळजवळ कोरी. पण मानेची सुरकुतलेली कातडी आणि एकेक पीस इतक्या निष्ठेने रंगवले आहे, की पक्ष्यालाही स्वतःचे व्यक्तिमत्त्व लाभले आहे. उणीव एकच: त्याच्या पायांखाली त्याची अशी भूमी नाही. तो नजराण्यांच्या यादीतील एक नोंद होऊन उभा आहे.

दुसरे चित्र इनायत खानाचे. अफू आणि मद्य यांनी पोखरलेला हा दरबारी १६१८ साली पालखीतून बादशहासमोर आणला गेला. हाडांवर ओढलेली कातडी पाहून जहांगीर चकित झाला आणि त्याने चित्रकारांना त्याचे चित्र काढण्याची आज्ञा केली. दुसऱ्याच दिवशी इनायत खान वारला. रेखाटन बोस्टन येथे आहे, तर रंगीत चित्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. त्याचे श्रेय सामान्यतः बालचंदाला दिले जाते.

आज्ञा तीच, कुतूहलही तेच. मरणाऱ्या माणसाकडे बादशहाने जणू परदेशी पक्ष्याकडे पाहावे तसे पाहिले, हे आपल्याला बोचते. परंतु चित्रात बोच उरत नाही. भोवती गुबगुबीत लोड आहेत आणि त्यांच्यामध्ये उघड्या छातीच्या फासळ्या. वैभवाचे सारे टेकू असूनही माणूस खचत चालला आहे, हे चित्रकाराने एकही अश्रू न रंगवता सांगितले आहे.

१५८० साली फत्तेपूर सीक्रीला पोहोचलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंमुळे या दरबाराला युरोपीय धार्मिक चित्रांचा जवळून परिचय झाला होता. म्हणून त्या फासळ्या पाहताना आपल्याला क्रूसावरील देह आठवला, तर नवल नाही. तरीही हे साम्य ताणू नये. येथे पुनरुत्थानाची चाहूल नाही. आहे तो केवळ एक एकाकी, थकलेला माणूस.

दोन्ही चित्रांची आज्ञा कुतूहलाने दिली. हातांनी मात्र ती कसोशीने पाळली. आणि कसोशीने पाहणे ही कणवेची पहिली पायरी असते. आजारी माणसाच्या उशाशी बसून नजर चुकवणाऱ्या आपणा सर्वांना बालचंदाचे हे चित्र नेमके तेच शिकवते. मन्सूरची टर्कीही तेच सांगते, फक्त तिच्यापुढे आपण पुरेसे थांबत नाही.