चवदार तळं ते संविधान: सरळ रेष ओढण्याआधी

पीएच.डी.च्या प्रपोजलमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘स्थानिक कल्याणकारी कामांचा राष्ट्रीय सामाजिक सुधारणांवर मोठा प्रभाव पडला.’ वाक्य खोटं नाही. पण हा ‘प्रभाव’ कोणत्या वाटेने पोचला हे दाखवलं नाही, तर ते भाषण होतं, संशोधन नाही. एक उदाहरण घेऊन बघू.

ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसंच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळं खुलं केलं, पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक प्रत्यक्ष तळ्यावर गेले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला.

यानंतर बहुतेक जण थेट १९५० वर उडी मारतात. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आहेत, शिवाय ‘पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून’ ही अटही आहे. बोले ठरावाशी साम्य दिसतं, की झाला प्रभाव सिद्ध! पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. मधली वर्षं कुठे गेली?

त्या वर्षांत एक महत्त्वाचा दुवा आहे. गोलमेज परिषदेसाठी केलेल्या निवेदनात आंबेडकरांनी सार्वजनिक सोयी नाकारणं हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी केली आणि आधार म्हणून अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा दाखला दिला. म्हणजे कलमाचा साचा महाडचा नव्हे, अमेरिकेचा! मग महाडचं काय उरलं?

इथे मजकूर शेजारी ठेवून वाचा. १८७५ च्या अमेरिकन कायद्यात खाणावळी-मुक्कामाच्या जागा, वाहनं, नाटकगृहं आहेत. विहिरी आणि तळी नाहीत. ती आंबेडकरांच्या मसुद्यात येतात आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्येही राहतात. साचा बाहेरचा, पण त्यात काय भरायचं हे इथल्या पाणवठ्यांनी ठरवलं, असा दावा आता करता येतो. तो पहिल्या वाक्यापेक्षा लहान आहे, पण पुराव्यावर उभा आहे.

दुसरा घोळ ‘रायगड’ या एककाचा. महाडवरून येणारी सावित्री हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळते. नदी एकच, आज जिल्हाही एकच. पण तेव्हा महाड ब्रिटिश मुलखात होतं आणि हरिहरेश्वर जंजिरा संस्थानात, सिद्दी नबाबाच्या राज्यात. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत मुंबई कायदेमंडळाचा ठराव तिथे लागूच नव्हता. त्यामुळे ‘रायगडमधील सुधारणा’ असं शीर्षक देऊन १९२३ चा ठराव पायाभूत धरलात, तर श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड हा सगळा पट्टा तुमच्या युक्तिवादातून निसटतो. तिथल्या पाणवठ्यांचा प्रश्न वेगळ्या कागदपत्रांत, संस्थानी दप्तरात शोधावा लागेल.

म्हणून प्रपोजल लिहिताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. स्थानिक काम आणि राष्ट्रीय कायदा यांच्यामध्ये कोणती व्यक्ती, कोणता कागद, कोणती समिती होती? तीच कल्पना दुसरीकडून आली असण्याची शक्यता तपासली का? आणि तुम्ही निवडलेल्या प्रदेशाची हद्द त्या काळची आहे की आजच्या नकाशावरची?

महाडचं मोल याने कमी होत नाही. उलट, ठराव झाला तरी पाणी मिळालं नाही, ही तिथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सरळ रेषेत दिसतच नाही. कायद्यात नकाराला शिक्षा हवी, ही मागणी समजून घ्यायची तर १९२४ चं ते अपयश आधी वाचायला हवं.