नादाची जात आणि श्रोत्याचे अवधान

संगीतशास्त्राची प्राथमिक पुस्तके नादाचे तीन धर्म सांगतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. पहिल्यावर सारा रागविचार उभा आहे, दुसऱ्याची दखल निदान गायक तरी घेतात. तिसरा मात्र एका व्याख्येनंतर बहुधा पुन्हा भेटत नाही. वस्तुतः श्रोत्याचे अवधान प्रथम वेधून घेतो तो हाच धर्म. राग ओळखण्यास स्वरांची काही संगती कानी पडावी लागते; आवाज अब्दुल करीम खाँचा आहे हे जाणत्यास एका षड्जावरून कळते.

समीक्षेच्या या उपेक्षेस तात्त्विक आधारही देता येईल. बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारात संवेदना ही सामग्री, आणि संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनी होणारी तिची संघटना हे सौंदर्य. या भूमिकेवरून नादाची जात सामग्रीतच जमा होते. तिचे आकर्षण सुखद खरे, पण ते कलेच्या उंबरठ्याबाहेरचे. हा निवाडा मला घाईचा वाटतो.

तंबोऱ्याचेच उदाहरण घ्यावे. तार रुंद, किंचित गोलसर घोडीवरून जाते आणि दोहोंमध्ये सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. धागा केसभर ढळला की स्वर तोच राहतो, नाद मात्र बोथट होतो. जेथे तार छेडली जाते तेथेच ज्या उपस्वरांचा निःस्पंद बिंदू असतो, ते उपस्वर सामान्य नियमाने उमटू नयेत. तंबोऱ्यात व वीणेत ते उमटतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखविले. कंप पावणारी तार घोडीच्या पाठीला पुनःपुन्हा स्पर्शून जाते, आणि एकाच आघातात निरनिराळ्या उपस्वरांचे बळ क्षणोक्षणी पालटत राहते. तेव्हा जिला आपण 'एक संवेदना' म्हणतो तिच्या पोटातच काळात उलगडणारी एक संघटना आहे. मर्ढेकरांची तत्त्वे येथे खोटी पडत नाहीत; ती त्यांना अभिप्रेत होते त्याहून खाली, सामग्रीतच, लागू पडतात.

लक्ष तर भोंगाही वेधतो, असा आक्षेप येईल. पण वेधणे वेगळे आणि धरून ठेवणे वेगळे. भोंगा ध्यानी आला की त्यात ऐकण्याजोगे काही उरत नाही. जवारी लागलेल्या तंबोऱ्याकडे कान मैफलभर परतत राहतो.

या भेदांसाठी आपल्याजवळ शब्द नव्हते असेही नाही. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकरा'त आवाजाचे खाहुल, नाराट, बोंबक व मिश्रक असे भेद केले, वर पंधरा गुण सांगितले. स्निग्ध, घन, गाढ, करुण हे त्यांतलेच. दूरवर ऐकू जाणारा तो श्रावक. आजचा समीक्षक 'गोड' आणि 'भारदार' यांवर निभावून नेतो. (शार्ङ्गदेवाची कफपित्तवातांची उपपत्ती स्वीकारण्याचे अर्थातच कारण नाही.)

भातखंड्यांच्या स्वरलिपीत चीज टिकते, आवाज टिकत नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचे गायन ध्वनिमुद्रित झालेले नाही. त्यांच्या गळ्याविषयी आपल्याला जे कळू शकते ते लिहिणाऱ्यांच्या शब्दांतूनच, आणि तेथे 'गोड' या शब्दाने काहीच हाती लागत नाही.