रुग्णालयातील दिवस आणि प्रकृतीचे दिवस

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला किती दिवस रुग्णालयात ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवस्थेचा वाटतो. परंतु गेल्या तीस वर्षांत या विषयावर जे विपुल लेखन झाले आहे ते वाचले असता असे दिसून येते की, रुग्ण किती लवकर बरा झाला याचे माप म्हणून संशोधकांनी बहुशः मुक्कामाच्या दिवसांचा आकडाच पुढे केला आहे. प्रस्तुत टिपणात या मापाचीच परीक्षा करावयाची आहे. ज्या शुश्रूषापद्धतीला इंग्रजीत ‘एन्हान्स्ड रिकव्हरी’ अथवा ‘फास्ट-ट्रॅक’ म्हणतात, आणि जिला येथे सोयीसाठी शीघ्रस्वास्थ्य-पद्धती म्हटले आहे, तिच्याविषयी आमची तक्रार नाही. तिच्या समर्थकांनी तिचे यश ज्या मोजपट्टीने मोजले, त्या मोजपट्टीविषयी आहे.

ही पद्धती जुन्या वहिवाटीच्या चिकित्सेतून जन्मास आली. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात आतड्याच्या शस्त्रक्रियेचा रुग्ण म्हणजे उपाशी आणि अंथरुणाला खिळलेला माणूस, असे समीकरण होते. आदल्या दिवशी जुलाब, मध्यरात्रीनंतर पाणीही वर्ज्य, शस्त्रक्रियेनंतर नाकातून जठरापर्यंत घातलेली नळी, शिरेवाटे सलाइनच्या बाटलीमागून बाटली, वेदनेवर अफूच्या वर्गातील औषधे, आणि वायू सरेपर्यंत तोंडाने काही नाही. डेन्मार्कमधील हविडोव्र रुग्णालयाचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी प्रश्न विचारला तो असा की, उत्तम पार पडलेली शस्त्रक्रियाही रुग्णाला इतके दिवस का अडकवून ठेवते? त्यांचे उत्तर असे की, दोष एकट्या जखमेचा नाही. वेदना, आघाताला शरीराने दिलेली प्रतिक्रिया, आतड्याची थंडावलेली हालचाल, उपास आणि निश्चलता ही कारणे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे उपायही सुटे सुटे न करता एकत्रच योजले पाहिजेत. १९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्या गटाने अवघ्या ८ रुग्णांचा वृत्तान्त दिला. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया, पाठीच्या कण्यालगत नळी ठेवून वेदनाशमन, लगेच आहार, लगेच चालणे. आणि दोन दिवसांनी घरी.

तथापि या पंथाचा खरा मूलग्रंथ म्हणावयाचा तो २००० साली ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’त आलेला बासे, केहलेट आदींचा लेख होय. त्यात ओळीने आलेल्या ६० रुग्णांचा हिशेब आहे. त्यांच्या वयाचा मध्यक ७४ वर्षे होता. ५७ जणांना ४८ तासांच्या आत शौचास झाले. मुक्कामाचा मध्यक २ दिवस, आणि पुन्हा दाखल कराव्या लागलेल्यांचे प्रमाण शेकडा १५. त्या काळी अशा शस्त्रक्रियेनंतर आठवडा-दीड आठवडा मुक्काम ही सर्वसाधारण रीत होती. त्यामुळे या आकड्याने शल्यचिकित्सकांच्या जगात खळबळ उडाली, हे स्वाभाविकच होते. परंतु लेख काळजीपूर्वक वाचणाऱ्याच्या नजरेतून एक गोष्ट सुटू नये: या योजनेत मुक्काम ४८ तासांचा असावा हे आधीच ठरलेले होते. म्हणजे दोन दिवस हा प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे. ते प्रयोगाचे एक अंग होते. आतड्याची हालचाल दोन दिवसांत परतली, हा शोध खरा. रुग्ण दोन दिवसांत घरी गेले, हे मात्र वेळापत्रक पाळले गेल्याचे वृत्त आहे. पुढील लेखकांनी या दोन विधानांची सर्रास गल्लत केली, आणि ‘बरे होण्यास दोन दिवस पुरतात’ असे वाक्य जणू त्या लेखातच असल्याप्रमाणे प्रचारात आले.

ही गल्लत दूर करण्याचे श्रेय पुन्हा त्याच गटाला द्यावे लागते, आणि ही बाब त्यांच्या शास्त्रनिष्ठेची साक्ष देते. २००७ साली त्यांनी आपल्या ५४१ रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या ४०८ रुग्णांसाठी नियोजित मुक्काम २ दिवसांचा होता; नंतरच्या १३३ रुग्णांसाठी तो ३ दिवसांचा केला. पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण शेकडा २०.१ वरून ११.३ वर आले. विशेष हे की, गंभीर बिघाडासाठी परत येणाऱ्यांचे प्रमाण बदलले नाही; थोडा वेळ निरीक्षणाखाली ठेवण्यासाठी परत येणारे तेवढे कमी झाले. एका दिवसाच्या वाढीने कोणाची मोठी आपत्ती टळली नाही. घरी जाऊन घाबरणारे, उलटी झाल्यामुळे वा पोट फुगल्यामुळे परत येणारे रुग्ण मात्र त्या एका दिवसात निवळले. मध्यकाच्या रकान्यात हाच फरक ‘२’ ऐवजी ‘३’ एवढा दिसतो, आणि केवळ तो रकाना वाचणाऱ्यास तो अधोगतीचा वाटेल!

दिवसांचा आकडा रुग्णापेक्षा संस्थेचेच अधिक वर्णन करतो, याचा पुरावा अन्यत्रही मिळतो. कोपनहेगनमध्ये २००५ साली ६० रुग्णांवर एक प्रयोग झाला. पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया व दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांत फरक पडतो काय, हे पाहावयाचे होते, आणि कोणाची कशी झाली हे रुग्णाला व परिचारिकांना कळू दिले नव्हते. दोन्ही गटांत मुक्कामाचा मध्यक २ दिवसच निघाला. नेदरलँड्समधील ९ रुग्णालयांत ४०० रुग्णांवर झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शीघ्रस्वास्थ्य-पद्धती असताना दुर्बिणीच्या गटात एकूण मुक्काम ५ दिवस आणि उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ७ दिवस आला. पद्धती तीच, देश शेजारचा. मेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली युरोपातील पाच केंद्रांतील ४२५ रुग्णांचा जो अभ्यास मांडला, त्याने या कोड्याचा उलगडा बराचसा होतो. रुग्ण घरी जाण्याजोगे झाले ते मध्यकाने तिसऱ्या दिवशी. प्रत्यक्ष गेले ते पाचव्या दिवशी. मधले दोन दिवस प्रकृतीचे नव्हेत. ते सवयीचे, वरिष्ठांच्या फेरीचे, नातेवाइकांच्या सोयीचे. प्रकृती आणि पाठवणी या दोन घटना वेगळ्या नोंदविल्याखेरीज कोणत्याही प्रबंधातील मुक्कामाचा आकडा अर्थपूर्ण ठरत नाही, असे आमचे मत आहे. २०१२ साली तज्ज्ञांच्या सहमतीने घरी सोडण्याचे जे निकष ठरले, त्यांत आहार सोसणे, आतड्याचे कार्य परतणे, वेदना गोळ्यांनी आटोक्यात राहणे, स्वतःचे स्वतः हिंडता-फिरता येणे आणि बिघाडाचे चिन्ह नसणे एवढ्या गोष्टी आहेत. दिवसांची संख्या त्यांत नाही.

मग या पद्धतीचा खरा लाभ कोणता? २०११ सालच्या कॉक्रेन समीक्षेत ४ प्रयोगांतील २३७ रुग्ण विचारात घेतले होते. मुक्काम सरासरीने २.९४ दिवसांनी घटला, पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण वाढले नाही, आणि शस्त्रक्रियोत्तर बिघाडांचे एकूण प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. तथापि समीक्षकांनी स्वच्छ नमूद केले आहे की, ही घट मोठ्या बिघाडांतली नव्हे आणि प्रयोगांचा दर्जा हलका आहे. या दोन पुरवण्या उद्धृत करणारे लेख विरळा. घटकांचीही सरसकट भलावण करता येत नाही. सलाइनचेच पाहा. २००२ साली लोबो यांनी नॉटिंगहॅम येथे २० रुग्णांवर दाखविले की, मीठ व पाणी आवरून दिले असता मुक्काम ९ दिवसांवरून ६ वर येतो. त्यावरून आवरण्याची लाट आली. २०१८ साली पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांच्या सुमारे ३००० रुग्णांवरील प्रयोगात हात फार आखडल्याने मूत्रपिंडास इजा होण्याचे प्रमाण शेकडा ५.० वरून ८.६ झाल्याचे आढळले. आणखी एक दावा हल्ली फार ऐकू येतो, तो स्वीडनमधील ९११ रुग्णांच्या २०१६ सालच्या अभ्यासावर आधारलेला. पद्धतीचे शेकडा ७० वा अधिक नियम ज्यांच्या बाबतीत पाळले गेले, त्यांच्यात पाच वर्षांत कर्करोगाने मरण्याचा धोका शेकडा ४२ ने कमी होता. पण दुसऱ्या दिवशी उठून चालणे हा जसा नियम आहे, तसेच ते मुळात बरे असण्याचे लक्षणही आहे. ज्याला ताप आहे, ज्याचे पोट फुगले आहे, तो नियम मोडतो. नियम मोडला म्हणून तो आजारी पडत नाही. चिठ्ठ्या टाकून वाटणी न केलेल्या अभ्यासात ही कार्यकारणाची उलटापालट निवारण्याचा मार्ग नाही.

लवकर पाठवणीला जुन्या पिढीचा जो मुख्य आक्षेप, तोही पाहिला पाहिजे. आतड्याचा जोड सुटून गळती लागली तर रुग्ण घरी असेल, ही ती भीती. भीती रास्त आहे. पण तिच्यावर जुना दहा दिवसांचा मुक्काम हा उतारा नव्हे. हायमन व सहकाऱ्यांनी २००७ साली १२२३ रुग्णांची पाहणी दिली आहे. ३३ जणांस गळती लागली, आणि तिचे निदान सरासरीने १२.७ व्या दिवशी झाले. १४ जणांत तर रुग्ण घरी जाऊन परत आल्यावरच. म्हणजे दहाव्या दिवशी घरी सोडणारा शल्यचिकित्सकही पुष्कळदा गळतीच्या आधीच सोडीत असे; फरक एवढाच की, त्याला तसे वाटत नसे. रक्तातील सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिनाची तपासणी येथे उपयोगी पडते. २०१४ सालच्या एकत्रित विश्लेषणानुसार तिसऱ्या दिवशी हे प्रमाण लिटरमागे १७२ मिलिग्रॅमहून कमी असल्यास गळती नसण्याचा भरवसा शेकडा ९७ धरता येतो. अधिक असल्यास मात्र गळती आहेच असे नव्हे. वाचकांच्या ध्यानात येईल की, ही तपासणी तिसऱ्या दिवसाची आहे. दुसऱ्या दिवशी गेलेल्या रुग्णाचे रक्त कोण घेणार?

या प्रश्नाचे उत्तर डेन्मार्कमध्ये व मुंबईत सारखे असू शकत नाही. तेथे नगरपालिकेची परिचारिका घरी येऊन जखम पाहते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९४१ पासून देशभरातून रुग्ण येत आहेत, आणि त्यांतील कित्येक जण उपचारांच्या काळात दादरला गाडगे महाराजांच्या नावे चालणाऱ्या धर्मशाळेत किंवा तशाच एखाद्या निवाऱ्यात उतरतात. अशा रुग्णाला वॉर्डातून सोडले म्हणजे तो ‘घरी’ गेला असे कागदोपत्री म्हणता येईल. पण त्याचे घर हजार किलोमीटरवर असू शकते, आणि त्याची परिचारिका म्हणजे त्याची बायको किंवा भाऊ. एका परीने ही सोय डॅनिश घरापेक्षाही बरी, कारण रुग्णालय हाकेच्या अंतरावर राहते. तो खरोखर गावी परतला म्हणजे मात्र अडचण सुरू होते. पंधराव्या दिवशी पोटात कळ येऊन ताप चढला तर तो तालुक्याच्या डॉक्टरकडे जाईल, तेथून जिल्ह्याच्या रुग्णालयात. आणि मूळ रुग्णालयाच्या कोष्टकात त्याच्या नावापुढे ‘पुनर्दाखल नाही’ अशीच नोंद राहील. आपल्याकडे या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने पुन्हा दाखल झालेल्यांचा शेकडा काढताना, तिसाव्या दिवशी किती रुग्णांशी प्रत्यक्ष बोलणे झाले हा आकडा त्याच्या शेजारीच छापावा. तो नसेल तर दुसऱ्या रकान्यातील शून्याचा अर्थ लावता येणार नाही.