तिमूर कुरान यांचं ‘इस्लाम अँड मॅमन’: सोलापुरातून वाचताना

मुस्लिम समाज आणि आधुनिकीकरण हा विषय संशोधनासाठी घेणार असाल, तर तिमूर कुरान यांचं २००४ सालचं ‘इस्लाम अँड मॅमन’ तुमच्या हातात येणारच. मलाही गाईडनी तेच आधी दिलं. वाचलं, पटलं, आणि त्याच चष्म्यातून सोलापुरात मुलाखती घ्यायला गेले. तिथे फसले. ते का घडलं, ते सांगण्यासाठी आधी पुस्तकाचं म्हणणं बघू.

कुरान म्हणतात, ‘इस्लामी अर्थशास्त्र’ ही काही हजार वर्षांची परंपरा नाही. ती विसाव्या शतकात, ब्रिटिश अमदानीच्या शेवटच्या काळातल्या भारतात घडली. त्यामागचं मोठं नाव म्हणजे मौदुदी. त्यांचा जन्म १९०३ साली आपल्याच औरंगाबादचा. हेतू आर्थिक प्रश्न सोडवण्याचा कमी आणि मुसलमानांची वेगळी ओळख जपण्याचा जास्त होता, असा कुरान यांचा निष्कर्ष.

दुसरा मुद्दा बँकांचा. समजा, तुम्हाला एक लाखाचा यंत्रमाग हवाय. इस्लामी बँक तो विकत घेते आणि तुम्हाला एक लाख बारा हजारांना हप्त्यांवर विकते. याला मुराबहा म्हणतात. बारा हजार हा नफा की व्याज? माग बँकेच्या मालकीचा असताना त्याची जोखीम खरंच बँकेने घेतली, तर फरक आहे. मालकी नुसती कागदावर असेल, तर ते नाव बदललेलं व्याजच. आश्वासन एका बाजूला आणि प्रत्यक्ष व्यवहार दुसऱ्या बाजूला ठेवून तपासायची ही पद्धत त्यांच्याकडून जरूर शिका.

आता अडचणी.

पहिली अडचण काळाची आहे. सोलापूर मुंबई इलाख्यात होतं, पण शेजारचं तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्या संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून बिनव्याजी कर्ज देणाऱ्या मंडळ्या होत्या. छोट्या वर्गणीतून निधी उभा करायचा आणि सभासदांना गरजेला द्यायचा. मुहम्मद हमीदुल्ला यांनी १९५५ च्या एका लेखात हैदराबादच्या या प्रयोगांची नोंद केलीय. म्हणजे मौदुदींची पुस्तकं येण्याआधीच व्यवहार सुरू होता. ओळखीचं राजकारण पुस्तकं का लिहिली गेली हे सांगतं. लोक पैसे का जमा करत होते, हे तेवढ्याने कळत नाही.

दुसरी अडचण घरचीच. २०१६ मध्ये लोकमंगल सहकारी बँकेने बार्शी शाखेत बिनव्याजी व्यवहार सुरू केला. ठेवीदाराला व्याज नाही, कर्जदारालाही नाही. बँकेचे संस्थापक सुभाष देशमुख तेव्हा राज्यातल्या भाजप सरकारात सहकारमंत्री होते. ‘वेगळी मुस्लिम ओळख’ या एका किल्लीने हे कुलूप कसं उघडणार? इथे सहकाराची परंपरा आणि स्थानिक राजकारण दोन्ही तपासावं लागेल. रिझर्व्ह बँकेने मात्र २०१७ मध्ये, इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न्यायचा नाही, असं माहिती अधिकारातल्या उत्तरात सांगितलं.

तिसरी अडचण तुलनेची. व्याजाला लगाम घालणं ही फक्त मुसलमानांची गोष्ट नाही. एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही, हा दामदुपटीचा नियम हिंदू कायद्यातला. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. तो ज्या चार जिल्ह्यांसाठी केला, त्यात सोलापूर होतं. सावकाराच्या कागदामागचा खरा हिशोब तपासण्याचा अधिकार त्याने कोर्टाला दिला. हे शेजारी ठेवून वाचलं की व्याजबंदी विचित्र वाटत नाही. कर्जाच्या जुन्या प्रश्नाचं ते एक टोकाचं उत्तर दिसतं.

आता माझी फजिती. टॉवेलच्या कारखान्यात एका मागवाल्या काकांना मी विचारलं, “व्याज हराम म्हणून तुम्ही बँकेत जात नाही का?”

ते म्हणाले, “हराम-हलाल नंतर बघू, मॅडम. बँक दोन जामीनदार मागते. तुम्ही राहता का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रश्नातच मी उत्तर कोंबलं होतं. प्रश्नावलीत जामीनदाराचा रकानाच नव्हता, कारण मी वाचलेल्या पुस्तकात माणूस आधी मुसलमान होता आणि मग कर्जदार. अशा आठ मुलाखती मला बाजूला ठेवाव्या लागल्या.

म्हणून कुरान फेकून द्यायचे का? अजिबात नाही. बिनव्याजी पतसंस्था सेवाशुल्क घेते, तेव्हा त्यांचीच कसोटी लावा. शुल्क प्रत्यक्ष खर्चाएवढं आहे, की कर्जाची रक्कम आणि मुदत वाढली की तेही त्याच प्रमाणात वाढतं? दुसरं असेल तर पाटी काहीही असो, ते व्याज आहे. संस्थेबद्दल आपुलकी वाटते म्हणून हा हिशोब टाळू नका.

तुमचा आराखडा लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: विचार कुणी, कधी, कशासाठी मांडला, आणि पैसा कुणाकडून कुणाकडे, कोणत्या अटीवर गेला. पहिलीसाठी ग्रंथालय लागतं, दुसरीसाठी खतावणी आणि कर्जदार. कुरान यांचं पुस्तक पहिलीसाठी भक्कम आहे. दुसरीसाठी आपल्यालाच बार्शीची एसटी धरावी लागेल. आणि जाताना प्रश्नावलीत जामीनदाराचा रकाना घाला.