केन्झाबुरो ओए : कादंबरीकार आणि नागरिक

सभेंत भाषण करणारा कादंबरीकार आम्हांला स्वभावतःच फारसा रुचत नाहीं. कला कीं जीवन हा फडके-खांडेकरांचा वाद वर्गांत शिकवतांना आमचें मन नेहमीं कलेच्या बाजूनेंच झुकत आलें आहे. तेव्हां जपानी कादंबरीकार केन्झाबुरो ओए यांच्या ग्रंथांकडे आम्ही वळलों तें थोडे साशंक होऊनच. ३ मार्च २०२३ रोजीं वयाच्या ८८ व्या वर्षीं ते निवर्तले. जपानी भाषा आम्हांस येत नसल्यानें इंग्रजी भाषांतरांवरच आमचें मत बेतलेलें आहे, हें आधींच सांगितलेलें बरें.

ओए यांचा जन्म १९३५ सालीं शिकोकू बेटावर, रानांनीं वेढलेल्या ओसे या गांवीं झाला. सम्राट् हा देव, असें शाळेंत शिकविलें जाई. १९४५ च्या ऑगस्टांत त्या देवाचा अगदीं माणसासारखा आवाज रेडिओवरून ऐकूं आला, तेव्हां हा मुलगा दहा वर्षांचा होता. १९४७ मध्यें युद्धाचा त्याग करणारी नवी राज्यघटना अमलांत आली. देव उठून गेल्यावर जी जागा रिकामी झाली तेथें लोकशाही येऊन बसली, आणि ओए यांनीं तिला जन्मभर तेथून उठूं दिलें नाहीं. टोकियो विद्यापीठांत त्यांनीं काझुओ वातानाबे यांच्या हाताखालीं फ्रेंच वाङ्मयाचा अभ्यास केला. सार्त्र हा त्यांचा त्या काळचा गुरु.

विद्यार्थिदशेंतच लिहिलेल्या ‘शिइकु’ या कथेला १९५८ चें आकुतागावा पारितोषिक मिळालें. जनावराची जोपासना, असा त्या शब्दाचा अर्थ. विमान कोसळल्यामुळें हातीं लागलेला एक कृष्णवर्णी अमेरिकन सैनिक डोंगरी खेड्यांतल्या मुलांचा जणूं पाळीव प्राणी होतो, आणि शेवटीं बापाच्या कुऱ्हाडीखालीं त्याचें डोकें व मुलाचा हात दोन्ही चिरडले जातात. युद्धाविरुद्ध एक शब्दही या कथेंत नाहीं. येथेंच आमच्या शंकेला पहिला धक्का बसला.

दुसरा धक्का अधिक मोठा. १९६० च्या ऑक्टोबरांत समाजवादी पुढारी इनेजिरो असानुमा यांचा भर सभेंत एका सतरा वर्षांच्या मुलानें खून केला. ओए स्वतः डाव्या विचारांचे; त्या मुलाला राक्षस ठरविणें त्यांना सोपें होतें. परंतु १९६१ च्या ‘सेव्हन्टीन’ या कथेंत त्यांनीं एका तशाच मुलाच्या मनांत शिरून पाहिलें. स्वतःच्या देहाची लाज वाटणारा एक एकाकी पोर गणवेश अंगावर चढतांच कसा निर्भय होतो, हें त्यांनीं त्याच्याच तोंडून वदविलें. कथेचा उत्तरार्ध छापल्यावर उजव्या गटांच्या रोषामुळें मासिकाला माफी मागावी लागली, आणि तो भाग ओए यांच्या जपानी ग्रंथांत २०१८ पर्यंत समाविष्ट झाला नाहीं.

१९६३ च्या जूनमध्यें त्यांना मुलगा झाला, तो मेंदूचा विकार घेऊनच. त्याचें नांव हिकारी, म्हणजे प्रकाश. १९६४ ची ‘अ पर्सनल मॅटर’ ही कादंबरी या घटनेंतून निघाली. तिचा नायक बर्ड आफ्रिकेचीं स्वप्नें पाहतो आणि आपलें मूल मरावें अशी इच्छा करतो. इस्पितळांत त्याला दुधाऐवजीं साखरपाणी दिलें जावें या योजनेला मान डोलावतो. बापाच्या भित्रेपणाचें इतकें निर्दय चित्र आमच्या वाचनांत दुसरें नाहीं. मात्र अखेरच्या पांच-सात पानांत बर्ड एकाएकीं शहाणा होतो, शस्त्रक्रिया यशस्वी होते, आणि सासू-सासरे प्रसन्न होतात. हा शेवट खोटा आहे असें मिशिमांसारख्यांनाही वाटलें होतें. आम्हीही तो पहिल्या वाचनांत कलेचा अपराधच मानला.

पुढें ‘हिरोशिमा नोट्स’ (१९६५) वाचलें. मुलाच्या जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत, त्याच्या जगण्याचा निश्चय नसतांना, ओए हिरोशिमाला गेले होते. तेथील रेड क्रॉस इस्पितळाचे प्रमुख डॉ. फुमिओ शिगेतो स्वतः बाँबग्रस्त; कोणता रोग आहे हें ठाऊक नसतांनाही ते रुग्ण तपासत राहिले. खरा उपाय हातीं नसतांना काम न सोडणें, हें त्या तरुण बापानें तेथें पाहिलें. बर्डचा निर्णय कोठून आला याचा उलगडा मग झाला. तरी कादंबरीचा दोष कादंबरीचाच राहतो. दुसऱ्या पुस्तकानें तो भरून काढतां येत नाहीं, हें आमचें मत कायम आहे.

१९९४ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारणाऱ्या ओए यांनीं त्याच वर्षीं सम्राटाच्या हस्तें मिळणारा संस्कृति-सन्मान मात्र नाकारला. लोकशाहीहून वरचढ सत्ता आपण मानीत नाहीं, हें त्यांचें कारण. ‘ओकिनावा नोट्स’ (१९७०) मध्यें तेथील नागरिकांच्या सामूहिक आत्महत्यांस सैन्य जबाबदार होतें असें लिहिल्याबद्दल २००५ मध्यें त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद झाली. २००८ मध्यें ओसाकाच्या न्यायालयानें आणि २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. त्याच वर्षीं, फुकुशिमाच्या अपघातानंतर, ७६ वर्षांचे ओए अणुविद्युत्केंद्रांविरुद्धच्या सभांत उभे होते.

त्यांच्या उत्तरकालीन कादंबऱ्यांत ब्लेक, येट्स, दान्ते यांची इतकी गर्दी आहे कीं वाचकाला श्वास घ्यावयास जागा मिळत नाहीं. त्यांपैकीं एक आम्हीं दोनदां हातीं घेऊन दोनदां खालीं ठेवली आहे. येत्या सुटींत ती तिसऱ्यांदां काढण्याचा विचार आहे.